युद्धाच्या आदल्या महिन्यातली बाळंतपणं

लेकीच्या बाळंतपणासाठी मी शारजाला जायचं ठरलं, तेव्हा आमच्या घरात युद्धाचा विषय पहिल्यांदा निघाला आणि तो आमच्या ह्यांनी काढला. दोन हजार बावीसचा जानेवारी होता. अबुधाबीवर ड्रोन येऊन पडल्याची बातमी रत्नागिरीत पोचली होती.

"युद्ध व्हायचं तर ते तिथंच होणार," हे पेपर नाचवत म्हणाले. "त्यापेक्षा पोरीलाच इकडे बोलाव."

"तिला आता नववा लागेल. विमानात घेत नाहीत," मी म्हटलं. "आणि युद्ध काही मला विचारून होणार नाही."

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. महायुद्धाची कारणं मला झोपेतून उठवलं तरी क्रमवार सांगता येतात. त्यामुळे जगात कुठे काय चाललंय याची खबर ठेवायची खोड अजून आहे. त्या महिन्यात तर रेलचेल होती. टोंगा नावाच्या बेटांपाशी समुद्रातला ज्वालामुखी फुटला होता. चंद्राच्याही कितीतरी पलीकडे एक मोठी दुर्बीण जाऊन पोचली होती, आणि आमचे जावई रोज तिचीच विचारपूस करत होते. युरोपात एका सरहद्दीवर रणगाडे गोळा होत होते. आणि माझ्यापुढचा प्रश्न खसखशीचा होता.

झालं असं, की मी डिंकाचे लाडू वळून डबे बांधले आणि लेकीला फोनवर उत्साहानं सांगितलं. ती किंचाळली, "आई! खसखस घातलीस? इथे खसखस बॅन आहे. ड्रग्जमध्ये धरतात!" ह्या वयात लाडवांपायी तुरुंगात जायचं म्हणजे पराक्रमच. मी ते सगळे लाडू आळीत वाटले आणि बिनखसखशीचे नव्यानं वळले. आळीतल्या लोकांनी बाळ व्हायच्या आधीच बाळंतिणीचे लाडू खाऊन मला तोंडभर आशीर्वाद दिले.

शारजाला पोचले तो शुक्रवार होता. त्याच महिन्यात त्या देशानं आठवड्याची सुट्टीच बदलली होती. लेक शारजाच्या शाळेत शिकवते, तिला शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी. जावयांचं ऑफिस दुबईत, त्यांना शुक्रवारी दुपारपर्यंत काम. त्यामुळे घरात एकजण सुट्टीवर, एकजण बूट घालतोय, आणि मी विचारतेय, "आज नक्की वार कोणता?"

जावई तसे गुणी. स्वयंपाक करतात, मला 'आई' म्हणतात, आवाज चढवत नाहीत. पण तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच खूळ शिरलं होतं. डॉक्टरांनी तारीख दिली होती फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातली, आणि त्यांना बाळ हवं होतं बावीस तारखेला.

"आई, बघा ना! बावीस, दोन, बावीस! पासपोर्टवर काय दिसेल!"

"आणि सहीला सोपं," लेक सोफ्यावरून म्हणाली. "मी काय तिकीट छापायचं मशीन आहे?"

तपासणीला गेलो तेव्हा त्यांनी डॉक्टरीणबाईंनाही विचारलंच. त्या केरळच्या, शांत स्वभावाच्या. म्हणाल्या, "ह्या आठवड्यात हे विचारणारे तुम्ही पहिले नाही. पण बाळाकडे कॅलेंडर नसतं." माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तरी घरी आल्यावर मी गुपचूप पंचांग काढून बावीस तारीख बघितली. बघायला काय जातं?

समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीची ओळख झाली ती माझ्या धुरीमुळे. बाळ-बाळंतिणीला शेकशेगडी, ओव्याची धुरी हे सगळं मी करणारच होते. पण निखारे आणायचे कुठून? रोल्लाच्या बाजारात मला अरबांची बखूर जाळायची छोटी धूपदाणी मिळाली आणि काडी लावताच पेटणाऱ्या कोळशाच्या वड्या. मास्तरणीची सवय, परीक्षेआधी सराव परीक्षा. म्हणून एका सकाळी मी कोळसा पेटवून वर मूठभर ओवा आणि लसणीची सालं टाकली.

आधी आमच्या छतावरची चकती ओरडली. मग जिना ओरडला. मग सगळी इमारत. लेकीला हाताला धरून तीन मजले उतरवलं, तर खाली सगळी बिऱ्हाडं जमलेली. एका गृहस्थांच्या अर्ध्या चेहऱ्यावर दाढीचा साबण तसाच होता. वॉचमन धावत माझ्याकडे आला.

"अम्मा, क्या जलाया?"

"ओवा. म्हणजे अजवाईन."

त्यानं हातातल्या वॉकीटॉकीत ओरडून सांगितलं, "अजवाईन, अजवाईन! नो फायर! खलास!"

लॉबीतल्या सोफ्यावर लेकीशेजारी एक सोनेरी केसांची पोर बसली होती. तिचंही पोट तेवढंच पुढे. ती हसत सुटली होती, पोट धरून हसत होती. ती युक्रेनची. नवरा शारजाच्या गोदीत जहाजांची इंजिनं दुरुस्त करणारा, ती लहान मुलांना जिम्नॅस्टिक शिकवायची. दोघींनी एकमेकींना महिने विचारले. लेकीचा फेब्रुवारी, तिचा मार्च.

संध्याकाळी मी माफीचे लाडू घेऊन तिच्याकडे गेले. तिनं एक जागीच संपवला, दुसरा नवऱ्यासाठी ठेवला आणि मग तोही खाल्ला. दुसऱ्या दिवशी तिनं पाण्यात उकडलेल्या करंज्या आणून दिल्या, आत बटाटा. मी चव घेतली आणि म्हटलं, "अगं, हे तर मोदकाचे मावसभाऊ!" ते इंग्रजीत कसं सांगायचं ते मला जमलं नाही. तिचं इंग्रजी बेताचं, माझं पुस्तकी. पण बाळंतपणाच्या गोष्टींना भाषा फारशी लागत नाही. कंबर दाखवली की कळतं.

एकदा मी तिला रणगाड्यांबद्दल विचारलंच. ती म्हणाली, "ते दरवर्षी येतात. दरवर्षी टीव्ही ओरडतो." तिची आई खारकीवला राहायची. तिनं फोनवर आईचा फोटो दाखवला. खिडकीत दह्याच्या रिकाम्या डब्यांतून टोमॅटोची रोपं रांगेनं लावलेली आणि मागे एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई. मार्चच्या सुरुवातीला ती येणार होती, तिकीट काढलेलं होतं. बाई इकडे आल्यावर रोपांना पाणी कोण घालणार, एवढीच तेव्हा त्या घराची चिंता होती. मला ते ऐकून बरं वाटलं. पाठ्यपुस्तकात युद्धाच्या आधीचा महिना म्हणजे नुसते तह आणि खलिते. तिथं टोमॅटोची रोपं कुणी छापत नाही.

बावीस तारीख मंगळवारी आली. जावयांनी रजाच टाकली होती. बॅग सकाळपासून गाडीत, बाळाची खुर्ची मागच्या सीटवर बसवलेली. लेकीला त्यांनी मॉलमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवून आणलं. तिनं मिसळ खाल्ली, आइस्क्रीम खाल्लं आणि येऊन निवांत घोरत पडली. बाळानं कॅलेंडर पाहिलेलं नव्हतं.

दुपार कलताना बेल वाजली. दारात समोरची पोर चौकट धरून उभी होती. "बेबी," ती म्हणाली. "नाऊ."

तिचा नवरा जहाजाच्या चाचणीसाठी समुद्रात, फोन लागत नव्हता. जावई गाडीची किल्ली हातात घेऊन उभे आणि तोंडातून काय निघालं, तर, "अहो, पण आज तर आपलं..."

"जावईबापू, गाडी काढा," मी म्हटलं.

हॉस्पिटलात सगळे त्यांनाच बाळाचे वडील समजले. ते प्रत्येकाला "नेबर, नेबर" म्हणून सांगत होते आणि कुणीही ऐकत नव्हतं. करोनाचे दिवस, आत एकालाच परवानगी. लेकीच्या बाळंतपणासाठी माझी तपासणी झालेली होती, म्हणून मी पुढे झाले. नर्सनं विचारलं, "तुम्ही तिच्या कोण?"

"मदर," मी म्हटलं.

तिनं एकदा माझ्या सुती साडीकडे बघितलं, एकदा तिच्या सोनेरी केसांकडे.

"इन लॉ," मी जोडलं.

आत ती तिच्या भाषेत ओरडत होती, मी माझ्या भाषेत. "लाव जोर, बाय! झालंच आता!" मधून डॉक्टर अरबीत "यल्ला, यल्ला", म्हणजे चला-चला, करत होत्या. दिवेलागणीला मुलगी झाली. लालबुंद आणि रागावलेली. पुसून-गुंडाळून आईच्या छातीवर ठेवली, मग थोड्या वेळानं माझ्या हातात दिली. माझ्या नातवंडाआधी मी ह्या परक्या मुलीला घेतलं. तेव्हा ती परकी वगैरे काही वाटली नाही, तिनं माझा पदर मुठीत धरला होता.

बाहेर जावयांचं एका अरब आजोबांनी अभिनंदन करून खजुराचा डबा पुढे केला होता. त्यांनी नाइलाजानं दोन खाल्ले. घरी येऊन लेकीला म्हणाले, "डेट गेली."

"डेट्स खाऊन आलास ना?" ती म्हणाली. "तेवढ्याच तुझ्या नशिबात होत्या."

बुधवारी ती पोर घरी आली. नवराही परतला होता, जावयांना मिठी मारून रडला आणि आमच्या दारात चॉकलेटचा हा मोठा खोका ठेवून गेला.

गुरुवारी सकाळी मी अळिवाची खीर घेऊन तिच्याकडे गेले. दार उघडंच होतं. तिचा नवरा चपलांच्या मांडणीशी जमिनीवर बसला होता, फोन कानाला. ती बाळाला घेऊन उभी होती.

"मामा इन मेट्रो," ती म्हणाली.

मला वाटलं, आई निघाली वाटतं लवकर. "अरे वा! कुठल्या विमानानं येतेय?" मी विचारलं.

तिनं बोटानं खाली जमीन दाखवली. मग मला कळलं. मेट्रो म्हणजे जमिनीखाली. पहाटेपासून बॉम्ब पडायला लागले होते आणि शहर जिन्यांवरून खाली उतरलं होतं. मी खीर ठेवली, बाळाला घेतलं आणि तिला बसवलं. जन्मभर सांगितलेल्या कारणांपैकी एकही कारण मला तेव्हा तिला सांगता आलं नाही.

तेवढ्यात ह्यांचा फोन आला. "टीव्ही बघितलास? तुझ्याकडे सगळं ठीक आहे ना?"

"इथं ठीक आहे. युद्ध इथं नाही झालं."

"मग झालं कुठे म्हणायचं?"

"समोरच्यांच्या घरी," मी म्हटलं. ह्यांनी तिकडे टीव्हीचा आवाज कमी केला. मग हळूच म्हणाले, "तिला काही हवं का विचार."

शनिवारी आमच्या लेकीला मुलगा झाला. जावयांनी तारखेबद्दल चकार शब्द काढला नाही. बाळ बघून तेही रडले.

मग मी एकाच वेळी दोन बाळंतपणं केली. दोन्ही फ्लॅटची दारं उघडी. सकाळी इकडे तेल-न्हाणं, मग तिकडे. धुरी मात्र वॉचमनच्या विनंतीवरून रद्द. तो मला जिन्यात भेटला की हात जोडायचा, "अम्मा, अजवाईन नहीं ना?"

तिकडची आजी आधी मेट्रोतून, मग गाड्या बदलत पोलंड गाठल्यावर तिथल्या एका शाळेच्या हॉलमधून व्हिडिओ कॉल करायची. मागे रांगेनं खाटा, आणि ही स्क्रीनला नाक लावून आपल्या भाषेत काहीतरी ओरडतेय. पोर वैतागून मला सांगायची, "ती म्हणते, टोपी! बाळाला टोपी का नाही?"

मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते! मी लगेच माझ्या पिशवीतून टोपडं काढलं, बाळाला घातलं आणि स्क्रीनसमोर धरलं. पलीकडे आनंदीआनंद. दोघी लेकी म्हणत होत्या, इथं एसी बंद केला तर घामाच्या धारा लागतात. आम्ही दोघी आज्यांनी ते आपापल्या भाषांत उडवून लावलं. एकमेकींचा एक शब्द न कळता आमचं बाळाच्या दुपट्यावर, पोटदुखीवर, शी-शूवर तासन्‌तास जमायचं. एकदा मध्येच तिनं स्क्रीनवर बाळाच्या गालाला बोट लावलं. मी बाळाला आणखी जवळ धरलं.

व्हिसा, तिकीट, कागद असं काहीबाही होत एप्रिल उजाडला, तेव्हा ती आजी आली. एका खांद्याच्या बॅगेवर. दारातच बाळाला घेतलं, मग मला घेतलं. दीड दिवस झोपली. उठली आणि दोन्ही फ्लॅटच्या खिडक्या पुसून काढल्या. मी नको म्हटलं, तर तिनं माझ्या हातात फडकं दिलं. मग बाळाला कसं उचलायचं ह्यावरून आमचं पहिलं भांडण झालं. ती खांद्यावर टाकणारी, मी पायांवर घेणारी. लेकी हसून बेजार झाल्या. शेवटी तिनं माझ्या नातवाला खांद्यावर घेतलं आणि तो लबाड तिथं झोपला.

माझा व्हिसा संपत आला होता. निघायच्या दिवशी ती आजी लिफ्टपर्यंत आली. माझे दोन्ही हात धरून तिनं बरंच काही सांगितलं. आवाज मध्येच चिरकला, मग पुन्हा सावरला. मीही तिला बरंच सांगितलं. टाळू भरायला विसरू नका, पोरींवर ओरडू नका, आणि रडायचं असेल तर न्हाणीघरात न जाता लेकीसमोर रडा, असं. लिफ्ट आली, गेली, पुन्हा आली.

खाली वॉचमननं बॅग गाडीत ठेवत विचारलं, "अम्मा, वो आपको क्या बोली?"

"मालूम नहीं," मी म्हटलं. "पण शेवटी तिला माझं पटलं."