वारज्यावरून गेलेली पत्रं

विशेषण दिसलं की रशियन बाईंची पेन्सिल पुढे सरकायची. "‘अतिशय सुंदर बाग’ म्हणे. अगं प्राची, तुरुंगात बसलेल्या बाईनं यातून काय बघायचं? बागेत आहे काय, ते सांग." मग मी समोरच्या जर्मन पत्रात पुन्हा डोकं घालून बागेत काय काय आहे ते शोधायचे. सफरचंदाची दोन झाडं आणि पाय मोडलेलं एक बाकडं. "हां, बाकडं घेऊ," म्हणत बाई पेनाचं टोपण काढायच्या. पुण्यात, वारज्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, दर शनिवारी सकाळी आमचा हा उद्योग चालायचा.

रशियन बाई अर्थातच रशियन नव्हत्या. त्यांचा जन्म खडकीचा, कारखान्याच्या क्वार्टर्समधला. वडील वर्ध्याकडून आलेले, दीक्षा घेतलेल्या पिढीतले, कारखान्यात हेल्पर म्हणून लागले होते. तेव्हा रशियाहून मोठमोठी यंत्रं यायची आणि सोबत जाडजूड पुस्तकं. पुस्तक वाचणारं कोणी नसलं की यंत्र महिनोन्महिने ताडपत्रीखाली पडून राहायचं. वडील लेकीला म्हणाले, "यंत्र पुसायला माणसं लई हायेत. पुस्तक वाचायला कोणी नाई." लेकीनं शहरात जाऊन रशियनचे वर्ग केले, आणि ज्या शेडमध्ये वडील तेलाचे डाग पुसत होते तिथंच ती भाषांतरकार म्हणून रुजू झाली. पुढची तीसेक वर्षं बाईंनी लेथ, प्रेस आणि कटिंग ऑइल मराठीत आणि इंग्रजीत आणलं. त्यामुळे त्यांची रशियन चोख होती, पण ती यंत्राच्या पुस्तकातली होती. मांजर खिडकीत बसलंय एवढं सांगायचं, तर त्यांच्या रशियनमध्ये ‘मांजर खिडकीत बसवण्यात आलेले आहे’ असं काहीतरी व्हायचं. हे मला पुढे दोन वर्षं त्यांच्याकडे रशियन शिकल्यावर कळलं. तोवर मी ती भाषा भारदस्त समजत होते.

मी राहायला त्यांच्याच इमारतीत, दोन मजले वर. नोकरी हिंजवडीला, जर्मन गिऱ्हाइकांशी जर्मनमध्ये बोलण्याची. ऑफिसातल्या एका जर्मन सहकाऱ्याचे वडील युर्गेन, हान्नोवरजवळच्या गावातले निवृत्त पोस्टमन. त्यांनी एकदा मुलामार्फत विचारलं, की तुमच्याकडे कोणी रशियन जाणणारं आहे का. ते आणि युरोपातल्या वेगवेगळ्या देशांतली त्यांच्यासारखी साधी माणसं मिळून परदेशातल्या राजकीय कैद्यांना पत्रं लिहीत. त्यांच्या यादीत रशियन बोलणाऱ्या एका देशातल्या कैद्यांची नावं होती. तिथल्या तुरुंगात रशियन सोडून दुसऱ्या भाषेतलं पत्र सेन्सॉर आत सोडत नसे. मशीननं केलेलं भाषांतरही तो ओळखायचा आणि परत पाठवायचा. युरोपात रशियन येणारे पुष्कळ होते, पण बहुतेकांचे आईबाप नाहीतर भाऊ त्याच देशात अडकलेले, म्हणून ते घाबरत. मी संध्याकाळी बाईंचं दार वाजवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कैदी कोण आहे?"

कैद्याचं नाव नीना. शाळेत गणित शिकवायची. निवडणुकीत तिला मतमोजणीच्या कामावर लावलं होतं. मोजणी झाली, आणि वरून आलेल्या माणसानं वेगळ्याच आकड्यांचा तक्ता पुढे करून सही मागितली. नीनानं सही केली नाही. वर बाहेर येऊन दारात थांबलेल्या लोकांना खरे आकडे वाचून दाखवले. त्याबद्दल तिला सहा वर्षांची शिक्षा झाली.

हे ऐकल्यावर बाई उठून आत गेल्या आणि पाणी पिऊन आल्या. मग म्हणाल्या, "मी आठ वेळा इलेक्शन ड्यूटी केली. एकदा आमच्या केंद्राध्यक्षांनी सकाळीच कोरे तक्ते पुढे केले. म्हणाले, मॅडम, आत्ताच सह्या करून टाका, संध्याकाळी घाई होते. मी म्हटलं, संध्याकाळी घाई झाली तर घाईत करीन. दिवसभर माझ्याशी कोणी बोललं नाही. नीनानं तेच केलं. फरक एवढाच, मला त्या दिवशी चहा मिळाला नाही, तिला सहा वर्षं मिळाली." एवढं बोलून त्यांनी युर्गेनचं पहिलं पत्र मागितलं.

आमची पद्धत अशी. मी जर्मन पत्र मराठीत वाचायचे. बाई पहिल्यांदा नुसतं ऐकायच्या, दुसऱ्यांदा ऐकताना रशियनमध्ये लिहायच्या. मी त्याचा फोटो काढून युर्गेनना धाडायचे. ज्याचं पत्र असेल तो ती रशियन अक्षरं चित्र काढल्यासारखी आपल्या हातानं उतरवायचा आणि आपल्या गावातून पोस्टात टाकायचा. इटलीतल्या कोणा आजीचं पत्र असलं, तर युर्गेन ते आधी कोणाकडून तरी जर्मनमध्ये करून घेत. म्हणजे इटलीच्या आजीनं युरोपातल्याच एका बाईला सांगितलेली टोमॅटोची गोष्ट वारज्याला येऊन, मराठी होऊन मग पुढे जायची. बाईंना याची भारी गंमत वाटे. युर्गेनना त्या ‘पोस्टमास्तर’ म्हणत. मी पोस्टमन होतो, मास्तर नव्हे, असं त्यांनी दोनदा कळवलं. बाई म्हणाल्या, "निवृत्तीनंतरची बढती आहे म्हणावं. पगारात फरक पडणार नाही."

पत्रांचे नियम बाईंनी पहिल्याच महिन्यात ठरवले. राजकारण नाही, खटल्याचा उल्लेख नाही, कीव नाही. कोणाच्या मरणाची बातमी नाही. भाषांतर करणाऱ्याचं नाव नाही. आणि सल्ला तर अजिबात नाही. कारण नीनापुढे तुरुंगाचे अधिकारी दर थोड्या दिवसांनी एक कागद ठेवत होते: मी खोटे आकडे वाचले, मला माफ करा. त्यावर सही केली की सुटका. मी एकदा म्हटलं, आपण तिला खंबीर राहा असं सुचवायला नको का? बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "आपण वारज्यात बसून, पोहे खात, तिला खंबीर राहायला सांगणार? सही करायची की नाही ते तिचं ती ठरवेल. केली तरी मी पत्र लिहीन. पण आपली कोणाला आठवण नाही, असं वाटून तिनं सही करू नये. आपलं काम तेवढंच."

सोसायटीत याची कुजबुज होतीच. गणपतीच्या बैठकीत एका गृहस्थांनी विचारलं, "अहो बाई, आपल्याकडे काय प्रश्न कमी आहेत, म्हणून तुम्ही युरोपचे घेतले?" बाई म्हणाल्या, "कमी नाहीत. त्यांच्यासाठी सोमवार ते शुक्रवार ठेवलेत." ते खरंच होतं. मतदार याद्यांचं काम निघालं की बाई गेटपाशी खुर्ची टाकून बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून यादीत नाव शोधायला लावायच्या. विचारणाऱ्या त्या गृहस्थांचंच नाव यादीतून गळलेलं निघालं. बाईंनी त्यांचा फॉर्म भरून दिला आणि पुढच्याला हाक मारली.

युरोपाबद्दल त्यांना भाबडं कौतुक नव्हतं. तिथल्या देशांनी जगभर काय केलं ते त्यांना पाठ होतं. पण महायुद्धानंतर त्यांनी मिळून जो करार केला, की साध्या माणसालाही आपल्याच सरकारविरुद्ध देशाबाहेरच्या न्यायालयात जाता यावं, त्याचा त्यांना आदर होता. "चाळीतल्या लोकांनी ठरवावं, की कोणाच्या घरात मारहाण झाली तर ‘आमचा घरगुती मामला’ म्हणून दार लावून घ्यायचं नाही. तसं आहे ते," त्या म्हणायच्या. नीनाच्या देशानं मात्र दार लावून घेतलं होतं. तो देश त्या करारात नव्हता, त्यामुळे तिला न्यायालय नव्हतं. होती ती शेजारच्या देशातली एक वकीलबाई, जी नीनाच्या स्थानिक वकिलाकडून येणारा कागद न् कागद जपून ठेवत होती, आणि आमची पत्रं.

आणि त्या पत्रांवर मी पाणी फिरवलं.

बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन शनिवार त्यांना लिहायला बंदी होती. मी म्हटलं, मी करते की, दोन वर्षं शिकतेय. त्याच आठवड्यात युर्गेननी मला वेगळ्या निरोपात कळवलं होतं, की युरोपातल्या देशांच्या प्रतिनिधींच्या सभेत नीनाचं नाव वाचलं गेलं, तिच्या सुटकेची मागणी झाली. हे फक्त आम्हाला कळावं म्हणून होतं. मला राहवलं नाही. एका आजीच्या टोमॅटोच्या पत्रात, शेवटी, मी आपल्या मनानं एक वाक्य घातलं: मोठ्या सभेत सगळ्या देशांसमोर तुमचं नाव घेतलं गेलं. मला वाटलं, हे वाचून ती किती आनंदेल. रशियन अक्षरं उतरवून घेणाऱ्या आजीला काय कळणार, तिनं इमानदारीत तेही उतरवलं.

ते पत्र शिक्का मारून परत आलं. मग त्याच्या मागची सगळीच परत आली. पाठोपाठ वकीलबाईंचा निरोप: नीनाची पत्रं सहा महिन्यांसाठी बंद केली आहेत, आणि पहारेकरी तिला सांगताहेत की आता तुला कोणी लिहीत नाही, सही करून मोकळी हो.

मी खाली जाऊन बाईंना सांगितलं. काळा चष्मा लावून त्या खुर्चीत बसल्या होत्या. "आपण फारच हुशार निघालात," एवढंच म्हणाल्या. बाई मला ‘आपण’ म्हणाल्या की त्या चिडल्यात हे मी समजायचे. मला स्वतःची लाज वाटली, आजही वाटते. मी रडायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "रडणं नंतर. शनिवारी किती पत्रं आहेत?"

मी म्हटलं, पण आता पाठवून उपयोग काय, परत येणार. "येऊ देत. परत यायला तिथवर जातात ना? दर आठवड्याला त्या सेन्सॉरच्या टेबलावर तिचं नाव पडलं पाहिजे. त्यालाही साहेब आहे, त्यालाही नोंद करावी लागते. ज्या बाईला रोज कोणीतरी लिहितंय तिला हात लावताना माणूस दोनदा विचार करतो." मग आम्ही परत येण्यासाठी पत्रं लिहिली, सहा महिने, एकही शनिवार न चुकता. पूर्वीपेक्षा जास्त लिहिली. पोस्टमास्तरांनी आणखी माणसं गोळा केली. परत आलेली पाकिटं शिक्क्यासकट वकीलबाईंकडे जात. उद्या एखादं न्यायालय विचारेल तेव्हा कागद हवेत, असं बाईंचं म्हणणं होतं. बाईंचे पाय त्या काळात सुजायला लागले होते. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं. बाई पाय स्टुलावर ठेवून लिहायच्या.

बंदीची मुदत संपली त्या सुमाराला बाई दवाखान्यात होत्या. युर्गेनचा निरोप आला तेव्हा मी हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये, पुलाखालच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. तो निरोप बाईंच्या खाटेशी बसून मी तसाच मराठीत वाचला. नीनाला वकील भेटला. बंदी उठल्यावर तिला पहिल्याच दिवशी नऊ पत्रं मिळाली. तिनं सही केलेली नाही. आणि तिनं वकिलाला हसत विचारलं, की मला पत्रं लिहिणारे हे सगळे लोक, जर्मन आजोबा, इटलीची आजी, एकाच कारखान्यात कामाला आहेत का? प्रत्येकाची मांजरं आणि टोमॅटो लेथच्या पुस्तकातल्यासारखे बोलतात. हे एकाच माणसाचं काम आहे. तो माणूस कोण, मला त्याचं नाव हवंय.

बाई इतक्या हसल्या की नर्स बघायला आली. "पकडलं की बाईनं. गणिताची आहे ना." मी विचारलं, नाव कळवू? त्यांनी मान हलवली, नाही. "पत्रं त्यांची आहेत. मी मधली. पुढचं पत्र काढ."

मी काढलं. डेन्मार्कमधल्या एका शाळकरी मुलीनं सायकल दुरुस्त केल्याचं होतं. बाईंच्या हाताला सलाईन होतं, म्हणून त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. चेन, दातेरी चाक, वंगण. सगळे शब्द त्यांना तोंडपाठ. अकरा दिवसांनी बाई गेल्या.

त्यानंतरच्या शनिवारी मी त्यांच्याच टेबलाशी बसले. किल्ली माझ्याकडेच होती. नीनाला पहिल्यांदाच माझं स्वतःचं पत्र लिहायचं मी ठरवलं. मरणाची बातमी तुरुंगात पाठवायची नाही हा बाईंचा नियम मी पाळला. नाव न कळवण्याचा नियम मात्र मोडला. त्यांनी नको म्हटलेलं असताना मोडला, आणि त्याबद्दल त्यांनी मला काय ऐकवलं असतं ते शब्दनशब्द मला माहीत आहे. मी माझ्या कच्च्या रशियनमध्ये लिहिलं: ‘नीना, कारखाना पुण्याला आहे. तुम्हाला आलेलं प्रत्येक पत्र ज्यांच्या टेबलावरून गेलं त्यांचं नाव विमल. त्यांनीही एकदा कोऱ्या तक्त्यावर सही करायला नकार दिला होता.’ शेवटचं वाक्य मी खोडलं. पहिली दोन ठेवली, खाली बाईंच्या खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीबद्दल चार ओळी लिहिल्या, आणि पत्राचा फोटो युर्गेनना धाडला.

दोन महिने मी रोज युर्गेनना विचारलं, पत्र परत आलं का? मग विचारणं बंद केलं. ते पत्र परत आलेलं नाही.