न दमणारा हापसा

आमच्या गल्लीत लोक हापशावर हंडे घेऊन यायचे, सुदाम मास्तर सॅक्सोफोन घेऊन यायचे. रांगेत हंड्यांच्या मधोमध त्यांची काळी पेटी. नंबर आला तरी मास्तर पाणी भरायचे नाहीत. समोरची बाई हापसा मारायची आणि तिच्या खटक-खटकवर हे डोळे मिटून फुंकायचे. दुष्काळानं तेव्हा अख्खं शहर बावचळलं होतं हे खरं, पण मास्तर त्याच्या आधीपासूनच तसे होते.

"मास्तर, नळी फुंकून हंडा भरतो व्हय?" सखूबाई विचारायची.

"तू मार गं. पाणी येऊ दे नायतर नको येऊ दे, ठेका सोडू नको."

पूर्वी ते लग्नाच्या बँडमध्ये होते. तरुणपणी छावणीतल्या एका फौजी वादकानं त्यांना जॅझचा नाद लावला. "जॅझ म्हंजे काय? गाणं पाठ असूनबी ऐनवेळी त्याला चकवायचं," ते सांगायचे. एका वरातीत त्यांनी गाण्याला इतकं चकवलं, की घोडा नवरदेवासकट बिडकीनच्या रस्त्याला लागला. नवरदेव सापडला, बँड मात्र मोडला. मी पाहिलेलं नाही, पण घोडेवाल्यानं घोड्याची शपथ घेऊन सांगितलंय.

पुढे शेजारी सातमजली इमारत उठली, तिची बोअर पाताळात गेली आणि आमचा हापसा नुसती हवा ओकू लागला. मास्तरांचा ठेका गेला. त्याच महिन्यात त्यांच्या नातीची, प्रज्ञाची हळद. तिनं आधीच बजावलं, "आबा, डीजे लावायचा. तुमची नळी वाजली ना, तर मी हळदीवरून उठून जाईन."

डीजे म्हणजे मी. दुसऱ्या दिवशी मास्तर पेटीसकट माझ्या दारात.

"लेका, तुझ्या डबड्यात हापसा हाय म्हणं. पोरीच्या हळदीला वाजवायचंय मला. मग पेटी बंद."

मी हाऊस म्युझिक लावलं. चारही मात्रांवर सारखा ठोका, धम धम धम धम. मास्तर सुटले आणि चौथ्या मिनिटाला खुर्चीत कोसळले. हापसा मारणारी बाई दमली की हेही दम खायचे, वर्षानुवर्षांची सवय. माझं यंत्र दमेना.

"ही बाई दमतच नाय का रे?"

"नाय मास्तर. विजेवर चालती."

तीन दिवस ते रुसले. चौथ्या दिवशी उजाडताच हजर.

"कळलं मला. ती दमत नाय ना? मग जाऊ दे तिला पुढं. आपण मागून निवांत यायचं, पण पोचायचं तिच्याच गावाला."

आणि ठोक्याच्या केसभर मागं रेलून ते असं काही वाजवू लागले, की समोरच्या गच्चीवरची कोरडी टाकी घुमली आणि पाणी आलं समजून अर्धी गल्ली बादल्या घेऊन बाहेर पडली.

हळदीला भर दुपारी मी त्यांना कपाटाएवढ्या स्पीकरांमागं दडवलं. ठोका सुरू झाला, त्यावर सॅक्सोफोन रेलला. प्रज्ञा नाचली, सखूबाई नाचली, पिशोरहून आलेले व्याही तर हळदीच्या ताटात नाचले. घामाघूम प्रज्ञा माझ्याकडं आली.

"दादा, हेच पुन्हा लाव."

स्पीकरांमागून आवाज आला, "पुन्हा कुठून लावतो? गेलं ते."

प्रज्ञा स्पीकरांमागं गेली. मला वाटलं, आता ही हळद सोडून जाणार. तिनं हळदीच्या हातानं आजोबांचा शर्ट धरून त्यांना ओढत मांडवात आणलं. "मग दुसरं वाजवा. पण इथं बसून."

मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दिवसाचं ध्वनिमुद्रण मी केलं नव्हतं. गाढव दुसरं काय करणार. ठोका तेवढा माझ्याकडं आहे. अजून हळदीत तो लावला की मधला तुकडा मी मोकळा सोडतो. नुसतं धम धम.

लोक ओरडतात, "डीजे, आवाज गेला का?"

"नाय," मी म्हणतो. "म्हातारा मागून निवांत येतोय."