ऑपरेशन झालं, म्हणून गल्लीही गेली?

मंडळी, रागातच लिहितेय हे.

आज दुपारी आमच्या प्राणिसंस्थेच्या गाडीतून चिमी या कुत्रीला पुण्यात धायरीत सोडायला गेले. रस्त्यावरच्या कुत्रीची नसबंदी झाली की तिला जिथून उचललं तिथेच परत सोडायचं, असा नियम आहे. दार उघडताच ती पळत सोसायटीच्या गेटपाशी तिच्या जागी जाऊन बसली.

ऑपरेशनसाठी तिला न्यायला ज्यांनी आम्हाला फोन केला होता, तेच काका खाली आले.

"अहो, हिला परत आणलीत?"

"काका, ही इथलीच आहे."

"मग आम्ही तुमच्या संस्थेला देणगी कशाला दिली? एवढा पुळका आहे तर घरी न्या आपल्या!"

आणि त्यांनी वॉचमनला काठी आणायला सांगितलं. पोटावरचे टाके नुकतेच सुकलेत तिचे! मी मध्ये उभी राहिले, तेव्हा "बघू किती दिवस राहते ती" म्हणत ते वर गेले.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. शिकलेली माणसं समजून घेतात, असं आईला वाटतं. या शिकलेल्या काकांबद्दल तिला आज काय सांगू?

चिमी आत्ता तिथेच आहे, एकटी. धायरीकरांनो, उद्या सकाळी त्या गेटवर तिच्या बाजूने उभं राहायला माझ्यासोबत कोण येतंय?