चेहऱ्यासाठी एक लेन्स

गावात म्हणतात, निशिवाकीचं बायकोपेक्षा कॅमेऱ्यावर जास्त प्रेम होतं. म्हणणाऱ्यांच्या तोंडाला कोण लागणार? पण ते सगळं कशासाठी चाललं होतं हे मला ठाऊक आहे. म्हणून सांगते.

ताकाओकात आमचं जुन्या-नव्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे. नवरा मागच्या खोलीत लेन्सांतली बुरशी काढत बसतो, मी पुढे गिऱ्हाइकं सांभाळते. गिऱ्हाइकं म्हणजे बहुतेक निवृत्त माणसं. घरात पायात पायात येतात म्हणून बायका हाकलतात, मग इथे येऊन एकमेकांच्या गळ्यातल्या कॅमेऱ्यांना नावं ठेवायची. एक लेन्स घेतली की दुसरी हवीशी वाटते, दुसरीनंतर तिसरी. याला आमच्याकडे दलदल म्हणतात. दुकानात आल्यावर ‘कसे आहात’ असं कोणी विचारत नाही, ‘कुठवर बुडालात’ असं विचारतात.

निशिवाकी-सान मात्र वर्षानुवर्षं काठावर बसलेले. घ्यायचे नाहीत, नुसतं पारखायचे. सगळी नोकरी नगरपालिकेच्या पाणीखात्यात झालेली. म्हणायचे, टाकीजवळ पाणी सगळ्यांनाच मिळतं, वस्तीच्या शेवटच्या नळाला धार कशी आहे ते बघायचं. लेन्सचंही त्यांनी तेच ठरवून टाकलं होतं. फोटोच्या मध्यभागी कुठलीही लेन्स स्वच्छ दाखवते, खरी परीक्षा कोपऱ्यात. त्यामुळे बर्फाचे डोंगर बिचारे मधोमध ताटकळत उभे, आणि हे कोपऱ्यातलं गवत मोठं करकरून बघताहेत.

त्या वर्षी चेरीचा बहर झडून गेल्यावर ते आले आणि टोपीही न काढता स्टुलावर बसले.

“वहिनी, माणसाच्या चेहऱ्यासाठी काय घ्यावं?”

“माणसाच्या? तुम्ही माणसांचे फोटो कधीपासून काढायला लागलात?”

“फुसाएचा काढायचाय. फुलांमधला.”

माझं हसू जागीच विरलं. माणूस गेलं की वेदीवर फुलांच्या मधोमध ठेवतात तो फोटो. फुसाए-सान म्हणजे त्यांची बायको. पोटात काहीतरी निघालं होतं आणि ते वाढलेलं होतं. पावसाळ्यात उपचार सुरू होणार होते, पण डॉक्टरांनी फार आशा दाखवली नव्हती. फुसाए-सानची आई गेली तेव्हा घरात धड फोटो सापडला नव्हता. मग सहलीच्या घोळक्यातून चेहरा कापला, अंत्यविधीवाल्यांनी खाली कुठला तरी काळा किमोनो चिकटवला, आणि म्हातारी परक्या बाईच्या धडावर डोकं ठेवून कायमची देवघरात बसली. फुसाए-साननी नवऱ्याला बजावलं होतं, माझं असं होऊ देऊ नका. माझे कपडे, माझा चेहरा. उपचारांनी तो उतरायच्या आत.

“मग आजच काढा की,” मी म्हटलं. “गळ्यात लटकवलंय ते काय शोभेला?”

“हा आत आरसा असलेला, जुना झालाय. समोरच्याच्या डोळ्यावर धरावा तर याचा नेम पापणीवर बसतो. डोंगराला चालतं ते. पण हा एकदाच काढायचाय हो वहिनी. याच्यात चूक झाली तर मी काय करू?”

आताच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांना माणसाचा डोळा आपोआप सापडतो हे खरंच होतं. मीच तीन बॉड्या, म्हणजे लेन्सविना नुसते कॅमेरे, काढून काउंटरवर मांडल्या.

पहिली जड होती, त्यांचं मनगट थरथरायला लागलं. दुसरी हलकी, पण तिचा सेन्सर लहान. संध्याकाळच्या उजेडात कातडीवर रवा सांडल्यासारखा दिसतो म्हणून ती बाद. तिसरीत चेहरा जरा पिवळा येत होता. “आजारी माणसाला आणखी पिवळं करू?” म्हणाले, आणि तीही गेली. लेन्सांचा घोळ वेगळाच. पन्नास मिलिमीटरची घेऊन जवळ जावं तर नाक मोठं येतं, पंच्याऐंशीची घेऊन लांब जावं तर खोली पुरत नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकाला आम्ही वस्तू घरी नेऊन बघू देतो. हे आज एक न्यायचे, उद्या तिच्यात खोट काढून परत आणायचे आणि दुसरी न्यायचे. मे महिना असाच गेला.

“घरी कशावर तपासता?” एकदा मी विचारलं.

“फुसाएवर. खिडकीशी उभी करतो. कोपऱ्यात.”

“कोपऱ्यात? अहो, चेहऱ्याचा फोटो मधोमध असतो! कोपरे कुणाला हवेत त्यात?”

“लेन्स प्रामाणिक आहे की नाही ते कोपऱ्यातच कळतं.”

मागच्या खोलीतून माझा नवरा ओरडला, “निशिवाकी-सान, लग्नाआधी फुसाए-सानना पण असंच तपासलं होतंत का?”

“नाही ना,” ते म्हणाले. “तेव्हा चटकन हो म्हणून बसलो. नशीब माझं.” आणि लाजले. पंचाहत्तरीचा माणूस आणि कान लाल झालेले.

जूनमध्ये उपचार सुरू झाले. फोटो झालेला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, उपचार संपले की चेहरा पुन्हा भरेल, आणि तोवर त्या पिवळं दाखवणाऱ्या कंपनीची नवी बॉडी येतेय. तिचा रंग सुधारलाय असं एकाने लिहिलंय. मला इतका संताप आला की मी आत जाऊन भांडी घासत बसले. बायको झिजत चाललीय आणि हा माणूस कुणीतरी लिहिलेल्या अफवेची वाट बघतोय! पण तो टाळत नव्हता, हीच तर पंचाईत होती. टाळणारा माणूस इतके हेलपाटे घालत नाही.

ऑगस्टच्या उन्हात एके दिवशी फुसाए-सान स्वतः आल्या. डोक्यावर विणलेली टोपी, गळ्याची हाडं वर आलेली. मी स्टूल पुढे केलं.

“तुमच्या दुकानातली सगळ्यात वाईट लेन्स कुठली?” त्यांनी विचारलं.

“का हो?”

“ती द्या आमच्या ह्यांना. म्हणजे तपासायला काही उरणारच नाही.”

आम्ही दोघी हसलो. हसताना त्यांना धाप लागली. मी बार्लीचा गार चहा दिला, तो त्यांनी नुसता हातात धरला.

“रागावू नका त्यांच्यावर,” म्हणाल्या. “आख्ख्या संसारात या माणसाने मला साधं फूल आणलं नाही. आता माझ्या एका फोटोसाठी उन्हातान्हात पायपीट करतोय. बरं वाटतं हो मला, खोटं कशाला बोलू? पण चेहरा काही थांबत नाही ना.”

दुसऱ्या दिवशी निशिवाकी-सान आले तेव्हा मी तयारच होते. जड बॉडी, तिला पंच्याऐंशीची लेन्स लावून पिशवीत भरलेली.

“हे घेऊन जा. आज काढा. परत आणलंत तर या दुकानाची पायरी चढायची नाही.”

“वहिनी, हिचा कोपरा जरा—”

“कोपरा गेला खड्ड्यात!”

ते पिशवी घेऊन गेले. पुढे महिनाभर आलेच नाहीत. आले तेव्हा काय झालं ते त्यांनीच सांगितलं. फुसाए-साननी निळा स्वेटर घातला होता. तो खांद्यावरून उतरत होता म्हणून मागून पिना लावल्या. खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवली. कॅमेऱ्याला डोळा लगेच सापडला, त्याच्यावर चौकोन जाऊन बसला. एकही फोटो हलला नाही, एकाचाही नेम चुकला नाही. मग त्यांनी पाठीमागची स्क्रीन बायकोसमोर धरली. फुसाए-साननी पाहिलं.

“म्हणाली, ही मी नाही, पुसून टाका. मी म्हटलं, अगं, राहू दे. तर म्हणाली, तुम्ही पुसा नाहीतर मी पुसते.”

“आणि तुम्ही?”

“पुसले. सगळे.” ते काउंटरच्या काचेकडे बघत होते. “इतके स्वच्छ आले होते वहिनी. प्रत्येक रेघ दिसत होती.”

डिसेंबरात समुद्रावर गडगडायला लागलं, बर्फ आलं, आणि फुसाए-सान गेल्या.

त्याच दिवशी दुपारी निशिवाकी-सान ओल्या बुटांनी दुकानात उभे. अंत्यविधीवाल्याला संध्याकाळपर्यंत फोटो हवा होता. त्यांनी खिशातून मूठभर मेमरी कार्डं काढून काउंटरवर ओतली. “तुम्ही बघा. मला बघवत नाही,” म्हणाले. तरी नवऱ्याने मागची खोली आवरून त्यांनाही मोठ्या स्क्रीनसमोर बसवलं.

सगळे तपासणीचे फोटो. मधोमध खिडकी, पडदा, नाहीतर चहाची किटली, आणि फुसाए-सान डाव्या कोपऱ्यात, उजव्या कोपऱ्यात, कुठे वरच्या कोपऱ्यासाठी स्टुलावर चढलेल्या, कुठे अक्षरं वाचता यावीत म्हणून वर्तमानपत्र धरून. कार्डांमागून कार्डं. मे महिन्यातला चेहरा, भरलेला, त्यांनी मागितला होता अगदी तोच. कोपऱ्यात आल्यामुळे निम्म्या फोटोंत लेन्सने गाल बाहेर ओढलेला होता. शेवटी माझ्या नवऱ्याने एक निवडला, कापला, मोठा केला. अंगात स्वयंपाकाचा एप्रन, तोंड किंचित उघडं.

अंत्यविधीवाल्याचा फोन आला. म्हणाला, एप्रनच्या जागी किमोनो लावून देतो, ओठही मिटवता येतील, हल्ली सगळं होतं. निशिवाकी-साननी फोन माझ्या हातातून घेतला आणि काही बदलायचं नाही असं सांगितलं. इतक्या झटपट ठरवताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

विधीला गर्दी चांगली होती. पांढऱ्या फुलांमध्ये फुसाए-सान एप्रन घालून बसल्या होत्या. कॅमेरा क्लबातली माणसं रांगेने येऊन वाकत होती. काय फोटो आहे, काय डोळे आलेत, म्हणत होती. एकाने तर हळूच विचारलं की लेन्स कुठली. शेजारची एक बाई डोळे पुसत म्हणाली, “किती जिवंत वाटतात हो! आत्ता काहीतरी बोलतील.”

निशिवाकी-सान तिला वाकून नमस्कार करत होते. वर झाले आणि फोटोकडे बघत म्हणाले, “बोलतेच आहे ती. सगळ्याच फोटोंत तेच बोलतेय.”

“काय?” मी विचारलं.

“झालं का?”