विरोधी कप्तानाला ओवाळलं तेव्हा

मामाने मला गाडीत बसवलं, मागच्या टेंपोत भांडी चढली, आणि तेवढ्यात बबनदादा वरणाची बादली हातात तशीच घेऊन पळत आला. आमच्या गावात कुणाचंही लग्न असो, पंगत कबड्डीचा संघच वाढतो. वरण कप्तानाकडे. खिडकीत वाकून तो म्हणाला, "तिकडं जाऊन आपल्या पकडी शिकवू नको गं त्यांना." रडता रडता सगळे हसले. माझी एक चुलती म्हणाली, आता तिला सासरच्यांच्याच बाजूने राहायला पाहिजे. त्यावर माझे बाबा बोलले. "लेक दिलीय. आवाज नाय दिला."

भिवपुरीजवळच्या आमच्या गावातून चौक गावाजवळच्या सासरी जायला गाडीने फार वेळ लागत नाही. पुढे मी नर्स म्हणून जर्मनीला आले, आणि लोकांना वाटतं की मी घर सोडलं ते विमानतळावर. चूक. विमानतळावर मी फक्त सामान उचललं. घर सोडलं ते त्या गाडीत, कारण ज्या गावात मला दिलं त्या गावाचं नाव आमच्याकडे शिवी घातल्याशिवाय कुणी घेत नसे.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं कारण सांगते. या हिवाळ्यात गावात बबनदादाचा सत्कार आहे. त्यासाठी स्मरणिका निघते आहे, आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जुन्या समर्थकांकडून आठवणी मागवल्या होत्या. मी लगेच कळवलं, मी पाठवते. समितीतल्या एका तरुणाचं उत्तर आलं : "ताई, तुमी लग्न होऊन चौककडं गेल्या, आता तर फॉरेनला. आमी गावातल्याच लोकांच्या आठवणी घेतोय. राग मानू नका."

राग मानला. म्हणून लिहिते आहे. गावात राहिलेल्यांनी वाचा, पोटासाठी बाहेर पडलेल्यांनी वाचा, आणि माझ्यासारख्या दिलेल्या लेकींनी तर वाचाच.

बबनदादा खोपोलीला कारखान्यात कामाला होता. पाळीवरून आला की अंगात कंपनीचा शर्ट तसाच, आणि सरळ मैदानात. मैदान म्हणजे भात कापून झाल्यावर रिकामं झालेलं त्याचंच शेत. ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, चोपून घ्यायचं, की झालं. दिसायला काही खास नव्हता, पोट थोडं सुटलेलं, आणि तोंड भयंकर. स्वतःच्या पोरांना तो ज्या शिव्या देई त्या ऐकून समोरचा संघही दबकत असे. पण डाव्या कोपऱ्यात तो उभा असला की आम्ही निवांत शेंगा सोलत बसायचो. चढाईला आलेला गडी त्याच्या बाजूला फिरकायचाच नाही.

आमची खुन्नस चौककडच्या गावाशी. ते लोक जत्रेच्या स्पर्धेला अलिबागकडून, पेणकडून तगडे खेळाडू आणायचे. बबनदादाने बाहेरचा माणूस कधी घेतला नाही. एकदा गावच्या पुढाऱ्यांनी फार आग्रह केला तेव्हा म्हणाला, "हरलो तर उद्या शिव्या कोनाला घालू? तो तर पेणला जाईल." आम्ही पुष्कळ वेळा हरलो. पण हरून परत येतानाही टेंपोत आमचा आवाज बसलेला नसे, आणि त्यांच्या नाक्यावर चहा आम्ही जिंकल्यावरसुद्धा प्यायलो नाही. वेडेपणा म्हणा. मला त्याचा अजून अभिमान आहे.

तर लग्नानंतरची पहिली जत्रा. सासरच्या गावाची रीत अशी, की सामन्याआधी त्या वर्षीच्या नव्या सुनेने गावच्या कप्तानाला ओवाळायचं. कप्तान माझाच दीर. समोर संघ कोणता, तर माझ्या माहेरचा. ऊन उतरत होतं, ताशे वाजत होते, आणि माझ्या हातात ताट. मी दिराला कुंकू लावलं, ओवाळलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रीत तिथे संपत होती. मी संपवली नाही. तेच ताट घेऊन मधली रेघ ओलांडली आणि बबनदादासमोर जाऊन उभी राहिले.

ताशे थांबले. मागून सासूबाई ओरडल्या, "अगं ए, कुटं चाललीस? ताट ठेव खाली!" मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण भीती वाटली म्हणून माघारी जायचं, असं कुणी शिकवलं नव्हतं. मी निरांजन वर केलं. बबनदादाने डोक्यावर रुमाल टाकला, मान खाली केली, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमी आज तुमचे पाव्हणे हाय. सुनेनं पाव्हण्याला ओवाळलं. चांगल्या घरची हाय, त्यात काय चुकलं?"

शिव्यांच्या त्या पोत्यात असं वाक्यही होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्या दिवशी आम्ही जिंकलो. हो, आम्हीच. शेवटच्या चढाईला बबनदादा स्वतः गेला, दिराने त्याचा घोटा धरला होता, तरी तो सरपटत गेला आणि बोटं रेघेला टेकवली. मी सासरच्या बायकांच्या घोळक्यात उभी राहून घसा फाटेपर्यंत ओरडले. घरी कुणी माझ्याशी बोललं नाही. नवरा माणूस भला, पण त्यानेही भाकरी मोडताना वर पाहिलं नाही. सासूबाईंनी एवढंच सुनावलं, की पुढच्या जत्रेला ताट दुसरीच्या हातात.

त्याच सासूबाई, मी जर्मनीला जायची परीक्षा पास झाले आणि घरात नको नको सुरू झालं, तेव्हा म्हणाल्या, "जाऊ द्या तिला. हिला आडवून कोन आडवणार?"

इथे मी ज्या गावात राहते तिथे फुटबॉल म्हणजे देवधर्म. शेजारच्या गावाचं नाव काढलं की माणसं थुंकायचं तेवढं बाकी ठेवतात. वॉर्डमध्ये क्लाउस नावाचे एक आजोबा होते, उशीखाली क्लबचा मफलर ठेवणारे. श्पेटला, म्हणजे दुपारच्या पाळीला, मी त्यांचं बीपी घेत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, श्वेस्टर, म्हणजे सिस्टर, तुमचा क्लब कोणता? मोडक्या जर्मनमध्ये मी बबनदादा सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न केला : ते दुसरं गाव किती लांब? मी म्हटलं, टेंपोने पाऊण तास. ते म्हणाले, "मग प्रकरण गंभीर आहे." सातासमुद्रापलीकडच्या म्हाताऱ्याला जे एका झटक्यात कळलं ते आमच्या समितीला कळत नाही, याचा संताप येतो.

काल सासूबाईंना फोन केला आणि ग्रुपवरचं उत्तर वाचून दाखवलं. वाटलं, हसतील. पण त्या म्हणाल्या, "माझं लगीन झालं त्या वर्षी माझं म्हायेर इथंच हरलं व्हतं. समद्या बायका टाळ्या वाजवत व्हत्या. मी बी वाजवल्या गं. माझा भाऊ खेळत व्हता." पुढे म्हणाल्या, "तुझी बाजू बबननं घेतली. माझी कोनी घेतली नव्हती. लिही तू. आनि लिही, की चौकच्या म्हातारीनं बी त्याची आठवण सांगितलीय."

मी फोन ठेवला आणि रडले, रागाने नाही. घर म्हणजे राहण्याची जागा, हे मी केव्हाच सोडून दिलं आहे. नाहीतर मला तीन घरं आहेत आणि एकही नाही. ज्या संघाचा निकाल सांगताना तोंडातून 'आम्ही' निघतं, तिथे माझं घर. ते लग्नाने बदलत नाही, व्हिसाने बदलत नाही, आणि समितीच्या ठरावाने तर मुळीच नाही.

तेव्हा समितीच्या भावांनो, ही आठवण दोघींच्या नावाने पाठवते आहे. खाली आधी सासूबाईंचं नाव आहे, मग माझं. कापायचं असेल तर दोन्ही कापा, आणि का कापलं ते सत्काराच्या दिवशी बबनदादाला माइकवरून सांगा.