नाना दुपारी येत

माझे वडील, नाना, वारल्यानंतर सात महिन्यांनी हैदराबादला बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरी यायला लागले. ते रोज दुपारी सव्वादोनच्या सुमारास येत आणि चारला जात. रविवारीही खाडा नसे. मी वर्तमानपत्राच्या कचेरीत रात्रपाळीचा उपसंपादक असल्याने दुपारी घरीच असे, आणि सवयीप्रमाणे त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा वहीत लिहून ठेवत असे. पुढची हकीकत त्या वहीच्या आधाराने लिहिली आहे. नुसत्या आठवणीवर लिहिली असती तर माझी बाजू थोडी बरी दिसली असती.

सुरुवात कावळ्यापासून झाली. उदगीरला नानांच्या दहाव्याला पिंड ठेवले आणि कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहिले. सव्वा तास! कोणी म्हणे जीव शेतात अडकलाय, कोणी म्हणे विहिरीत. मी घड्याळ बघत होतो. शेवटी थोरल्या काकांनी मला कोपराने डिवचले.

"अरे बोल की काहीतरी! एकुलता एक तू. तुझ्याकडूनच ऐकायचं असेल त्यांना."

"आईला हैदराबादला नेतो," मी म्हणालो. "नीट सांभाळतो."

एक कावळा उतरला आणि त्याने पिंडाला चोच लावली. मधे चार सेकंद गेले. मी मोजले होते.

आई मात्र कावळ्याइतकी पटकन मानली नाही. "चैत्रात महिनाभर येते. जमलं तर राहीन, नाहीतर उदगीरला माघारी. कावळ्याला काय, तो शिवला आणि उडाला. राहायचं मला आहे." उदगीरच्या त्या मोठ्या रिकाम्या घरात तिने एकटीने राहावे, हे मला नको होते. म्हणजे तिला राजी करायला माझ्या हातात एक महिना होता.

आमच्या घरात तिच्यासाठी पलंग नव्हता. सुज्ञ माणसाने विकत आणला असता. पण तो काळ वेगळा होता. देशाने परदेशी मालाला दारे उघडली होती, छतावरून केबलच्या तारा लोंबू लागल्या होत्या, आणि आमच्या कचेरीत येणाऱ्या एका रंगीत मासिकात दर महिन्याला एक गोरा गृहस्थ स्वच्छ शर्ट घालून स्वतःच्या हाताने टेबल, खुर्ची, कपाट असे काहीतरी करत असे. त्याच्या शर्टाला कधी भुसा लागलेला मी पाहिला नाही. मी नुमाईश नावाच्या वार्षिक प्रदर्शनातून विजेवर चालणारे ड्रिल आणले.

"अहो, विकतचा आणू ना पलंग," माझी बायको वसुधा म्हणाली.

"विकतच्या पलंगात माया नसते."

(हे वाक्य पुढे मला वरचेवर ऐकवण्यात आले. अजूनही येते.)

लाकूड आपण होऊन चालत आले. शेजारचा जुना बंगला पाडून तिथे अपार्टमेंट होणार होते, आणि त्याच्या अंगणातली भलीमोठी चिंच तोडली होती. बिल्डरच्या मुकादमाला ओंडके हटवायचे होते, मला हवे होते. वखारीत नेऊन फळ्या पाडल्या. आतले लाकूड काळपट आणि असे कठीण की माझ्या करवतीचे दात गेले. बाहेरचे मात्र पांढरे, मऊ, खिळा टेकवला की आत जाणारे. मी सगळा पलंग त्या पांढऱ्या लाकडाचा करायचे ठरवले. चिंचेने चांगला भाग सालीजवळ ठेवला याबद्दल मनातल्या मनात तिचे आभारही मानले.

वखारीत यादगिरी नावाचे एक म्हातारे सुतार होते. त्यांनी फळ्या बघितल्या, मग मला बघितले.

"इमली का पलंग? नक्को साब. कोई नै बनाता."

"मैं बनाता हूँ."

"तो एक साल सुखने देव. पानी मरने देव. और ये सफेद वाला नक्कोच."

"माँ अगले महिने आ रही हैं."

"माँ कू बोलो, एक साल बाद आओ बोलके," यादगिरी म्हणाले आणि रंधा मारू लागले.

फळ्या घरी उतरवताना समोरच्या सरोजाम्मा फाटकात येऊन उभ्या राहिल्या. "अय्यो! चिंतचेट्टु? इमली का झाड़? उसमें दय्यम रैता साब, भूत!"

"पेड़ तो काट दिया, अम्मा."

"हौ. अब वो बिचारा किधर जाता? लकड़ी के साथइच आता!"

हे विधान तर्काच्या दृष्टीने निर्दोष होते. मी हसलो. वसुधा हसली नाही.

पलंग सतरा दिवसांत झाला. खाच पाडून जोडकाम करण्याचा प्रयत्न दोनदा फसल्यावर मी सगळीकडे लांब खिळे ठोकले. एक पाय आखूड झाला, त्याखाली वीट ठेवली. वीट जास्त झाली, म्हणून बाकीच्या तीन पायांखाली टेलिफोन डिरेक्टरीचे तुकडे ठेवले. पलंग पुढच्या खोलीत ठेवायचा होता, पण तो मागच्या खोलीत तयार झाला आणि दारापेक्षा चार इंच रुंद निघाला. त्यामुळे मागची खोली आईची झाली.

आई चैत्रात आली. पलंगाभोवती एक फेरी मारली, वीट बघितली, डिरेक्टरी बघितली आणि म्हणाली, "बराय की." मग उशीला डोके टेकून झोपली.

त्या उन्हाळ्यात आमच्या भागात दुपारी सव्वादोन ते चार करंट जाई. रस्ता ओस पडे. पाडकाम करणारे मजूरही त्या वेळी सावलीला पडत. वहीतली पहिली नोंद अशी:

"२.१६. करंट गेला. पंखा थांबला. २.१८. मागच्या खोलीतून टक् टक् टक्. थोड्या वेळाने पुन्हा तीन."

मी दाराशी गेलो. आई पलंगावर उठून बसली होती. आवाज तिच्या पायाशी, लाकडातून येत होता. सावकाश, कोरडा, कोणीतरी नखाने काहीतरी वाजवावे तसा. आईने पलंगाच्या कडेवर हात ठेवला आणि अगदी साध्या आवाजात विचारले:

"आलात का?"

आवाज थांबला.

नाना तपकीर ओढत. पितळी डबी उघडण्याआधी तिच्या झाकणावर नखाने तीनदा वाजवत. टक् टक् टक्. हा आवाज ऐकत मी लहानाचा मोठा झालो होतो.

"बसा," आई म्हणाली. मिनिटभराने टकटक पुन्हा सुरू झाली.

संध्याकाळी वसुधा झाडायला गेली आणि झाडणी तिथेच टाकून बाहेर आली. "अहो, पलंगाखाली बघा." पायाजवळ बारीक पिवळसर भुकटीची छोटीशी रास होती. मैद्यासारखी मऊ. ना ती धूळ होती, ना भुसा. मी भुसा तीन वेळा झाडला होता. आईने चिमटीत घेऊन बघितली.

"तपकीर सांडायची त्यांची सवय काही गेली नाही," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

त्या दिवसानंतर वसुधाने मागच्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही. दुपारी ती बाहेर उभी राहून रामरक्षा म्हणे. आई पलंगाखाली जुना पेपर पसरून ठेवी. सकाळी त्यावर राशी असत. कधी एक, कधी तीन. पेपर आमचाच असल्याने नाना बहुधा संपादकीय पानावर तपकीर सांडत आहेत, हे माझ्या लक्षात आले.

मी पडताळणी करायचे ठरवले. बातमी एका माणसाच्या तोंडची असेल तर छापू नये, हा आमच्याकडचा नियम. आईचा डोळा लागला की मी खुर्ची ओढून पलंगाशी बसे, वही उघडे आणि हळू आवाजात प्रश्न विचारे. "नाना, तुम्हीच का?" आवाज थांबे. म्हणजे ऐकू जात होते! "इथे बरे वाटते का?" टक् टक्. "पलंग आवडला का?" यावर अकरा मिनिटे शांतता. हे उत्तर नानांच्या स्वभावाला धरून होते.

नाना हयात असताना आम्ही सलग दोन मिनिटे बोललो असल्याचे मला आठवत नाही. त्या महिन्यात मी त्यांच्याशी रोज तासभर बोललो. नोकरीबद्दल विचारले, कुकटपल्लीला घर बघावे का ते विचारले. एका दुपारी विचारले, "शेवटच्या दिवाळीला मी आलो नाही, त्याचा राग आहे का?" आवाज थांबला आणि चारपर्यंत परत आला नाही. वहीतल्या त्या पानावर शाई पसरलेली आहे. पेन गळका होता.

आई मात्र खुलली. सरोजाम्मांशी दोघींच्या मोडक्या हिंदीत तिची गट्टी जमली. महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा काकांचे पत्र आले: न्यायला कधी येऊ? आईने पत्र घडी करून उशीखाली ठेवले. "बघू. हे इथं येतात, मग तिकडं मी कुणाची वाट बघू?"

माझी छाती फुगली. कावळ्याला दिलेला शब्द मी पाळत होतो, तोही स्वतःच्या हाताने केलेल्या पलंगाच्या जोरावर!

दुसऱ्या दिवशी आई सरोजाम्मांबरोबर देवळात गेली होती. अकराचा सुमार. वीट सरकली होती, ती नीट करावी म्हणून मी पलंगाच्या कडेला बसलो. आधी एक लांब सुस्कारा ऐकू आला. माझा नव्हता. मग पाय आत दबला, कड दुमडली आणि सगळा पलंग गुडघे टेकल्यासारखा खाली बसला. मी त्याच्याबरोबर. पिवळ्या भुकटीचा ढग उठला आणि सावकाश माझ्या अंगावर उतरला.

वसुधाने दारातून पाहिले. पिवळ्याधमक माणसाला ओळखायला तिला थोडा वेळ लागला. तोवर तिची किंकाळी मारून झाली होती.

यादगिरींना बोलावून आणले. त्यांनी मोडलेला पाय उचलला, कानाशी धरला आणि पटाशीने एक टवका काढला. आत बोगदेच बोगदे होते. त्यांतून करंगळीच्या पेराएवढ्या, पांढऱ्या, जाड अळ्या एकेक करून बाहेर पडल्या. वसुधाने भीत भीत त्यांना सगळे सांगितले होतेच.

"ये देखो साब," यादगिरी गंभीरपणे म्हणाले. "आपके वालिद. छे-सात दिख रैं."

"लेकिन ये दोपहर कोच कायकू आते?" मी विचारले. इतक्या वर्षांत माझी हिंदीही तशीच झाली होती.

यादगिरींनी छताकडे बोट केले. "दिन भर काट रैं साब. पंखा बंद हुआ तो सुनने आता. और पलंग हिलाए, बात करे तो डर को चुप बैठते."

मी एकवीस वर्षे बातमीदारांच्या मजकुरातल्या उणिवा काढत होतो. पंख्याकडे बघण्याचे मला सुचले नव्हते.

पण आता खरा प्रश्न वेगळा होता. आई अर्ध्या तासात परतणार होती. नाना इथे नाहीत, नव्हतेच, हे कळले की ती पिशवी भरून उदगीरला निघणार होती.

"यादगिरी, आधे घंटे में जोड़ देव," मी गयावया केली. "और ये सब वापस अंदर डाल देव!"

"कीड़े?" हातातली पटाशी खाली ठेवून ते म्हणाले. "साब, मैं सुतार हूँ."

"अहो, मी त्या अळ्यांना हात लावणार नाही," वसुधा म्हणाली. "ते तुमचे वडील असोत नाहीतर नसोत!"

मी गुडघ्यांवर बसून कागदाच्या तुकड्याने एक अळी बोगद्यात ढकलत असताना दारातून आवाज आला.

"काय करलालास रे?"

आई. हातात प्रसादाचा द्रोण. मी उभा राहिलो आणि घडलेला प्रकार क्रमवार सांगितला, आधी मुख्य बातमी, मग तपशील. "आई, ते नाना नव्हते. किडा होता."

"ते मला पहिल्या दिवशीच कळलं," आई म्हणाली. "उदगीरच्या माळवदाच्या तुळईत तीस वर्षं हाच किडा वाजतोय. तुझ्या नानांनी रॉकेल घालून घालून हात टेकले."

"मग 'आलात का' म्हणालीस ते?"

"झोपेत होते. तोंडातून गेलं." ती म्हणाली. "बघते तर तू दारात वही घेऊन उभा. दहाव्याला डोळ्यांत टिपूस नाही, घड्याळ बघत होतास. मला त्याचाच घोर लागला होता. मग दुपारी मी डोळे मिटले की तू त्यांच्याशी बोलायला लागलास. दिवाळीचं विचारलंस. म्हटलं, बोलू दे. किडा तर किडा!"

माझ्या डोळ्यांत भुकटी गेली असावी.

"पण मग मला सांगायचं तरी," मी शेवटी म्हणालो.

"सांगितलं असतं तर हा मोडून तू दुसरा पलंग करायला घेतला असतास!"

यादगिरींना मराठी येत नव्हती. सगळ्यांत जोरात तेच हसले.

आई त्यांच्याकडे वळली. "यादगिरी, मेरेकू एक पलंग बना देव. सागवान का. चार पाय एक जैसे." मग माझ्याकडे न बघता वसुधाच्या हातात प्रसाद ठेवत म्हणाली, "आणि काकांना कळव, येऊ नका म्हणावं. मी इथंच आहे."

चिंचेचा पलंग अंघोळीच्या बंबात गेला. नवा पलंग दारातून आत आला. आईची दुपारची झोप शांत झाली, वसुधाची रामरक्षा पुन्हा पूर्वीसारखी सकाळी होऊ लागली. ड्रिल मी कपाटावर ठेवून दिले.

जिन्याखाली चिंचेची एक पांढरी फळी तेवढी राहून गेली होती. काही दिवसांनी दुपारी करंट गेला आणि त्या अंधाऱ्या कोपऱ्यातून आवाज आला: टक् टक् टक्. काय आहे ते मला पूर्ण माहीत होते. पंखा, किडा, लाकूड, सगळे. तरीही मी इकडेतिकडे बघितले, वाकलो आणि हळूच विचारले:

"नाना, एखादं स्टूल करून बघू का?"

आवाज जागच्या जागी थांबला. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, पुन्हा आला नाही. वहीतली ही एकच नोंद मी आजवर पडताळून पाहिलेली नाही.