विवेकच्या गाडीचं इंजिन आणि माझी परवानगी

परवानगी मी नाकारली नव्हती.

आज विवेकला जाऊन वर्ष झालं. मी या ग्रुपवर सहसा काही लिहीत नाही. तुमचे दिवाळीचे फोटो लाइक करते, तेवढंच. पण काल जे झालं ते गिळून बसणं मला जमणार नाही.

काल इथे कॉव्हेंट्रीला, घरी वर्षश्राद्धाचं जेवण होतं. जेवणं झाल्यावर पुरुषमंडळी खिरीच्या वाट्या घेऊन गॅरेजमध्ये गेली.

तिथे विवेकची गाडी आहे. हिरवी, जुनी अमेरिकन मसल कार. इतकी लांब की गॅरेजचं दार पूर्ण लागत नाही.

बॉनेटखाली इंजिन नाही. नुसता खड्डा.

लंडनच्या पिनरचे सुधीरभावजी, विवेकचे कॉलेजपासूनचे मित्र. त्या खड्ड्यात डोकावून म्हणाले, "वहिनी, आता तरी परवानगी द्या!"

सगळे हसले.

आमचे मिल्टन कीन्सचे मिलिंद म्हणाले, "इलेक्ट्रिक मोटर टाकू या, वहिनी. अगदी तुमच्यासारखी. आवाजच नाही!"

आणखी हसले.

मी वाट्या गोळा करून आत आले.

तर हा माझा आवाज.

हा जोक नवा नाही. विवेकच्या शोकसभेतही भावजी माइकवर म्हणाले होते, "वाघ होता आमचा विवेक! पण इंजिन मात्र होम मिनिस्ट्रीत अडकलं." हॉल हसला. मी पहिल्या रांगेत बसले होते. पांढऱ्या साडीत.

आता खरं काय झालं ते ऐका.

मूळचं इंजिन थंडीने गेलं. एका हिवाळ्याच्या तोंडावर रेडिएटरचा पाइप बदलला, आणि मदतीला आलेल्या भावजींनी त्यात नळाचं पाणी भरलं. अँटीफ्रीझ घातलंच नाही. "अरे, पुण्यात आम्ही जन्मभर पाणीच घातलं!" म्हणाले.

पुण्यात पाणी गोठत नाही.

इथे गोठलं. पाणी फुगलं आणि इंजिनचा लोखंडी ब्लॉक तडकला. विवेकने डिपस्टिक काढून मला दाखवली. पाणी मिसळून ऑइल दुधाळ झालं होतं, चहासारखं.

"भावजींना सांगणार का?" मी विचारलं.

"नको गं. त्याला वाईट वाटेल."

सगळ्यांना त्याने एवढंच सांगितलं, जुनं इंजिन होतं, गेलं. भावजी, तुम्हालाही हे आज पहिल्यांदाच कळत असेल.

मग दुसरं इंजिन कुठलं घ्यायचं यावर आख्खा ग्रुप बसला. भावजींचं मत, अमेरिकेहून नवं कोरं मागव, कॉम्प्युटरवालं, बटन दाबलं की सुरू. मिलिंद म्हणायचे, पेट्रोल विसर, इलेक्ट्रिक कर. रोज कोणीतरी व्हिडिओ पाठवायचं.

गाडी कोणाची, हे कोणी विचारलं नाही.

विवेकला काय हवं होतं, ते मला माहीत आहे. गाडीच्याच काळातलं, कॉम्प्युटर नसलेलं, कार्ब्युरेटरवालं जुनं व्ही-एट इंजिन.

"आयुष्यभर पेशंटला भूल देऊन ऑपरेशन थिएटरमध्ये मॉनिटर बघत बसलो," तो म्हणायचा. "आता एक गोष्ट मला कानाने चालवू दे."

पण मित्रांना तोंडावर नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही. मग फोनवर सुरू व्हायचं, "हो हो, आयडिया उत्तम आहे. घरी विचारून सांगतो."

फोन ठेवून माझ्याकडे बघून हसायचा.

"तू नाही म्हणालीस."

"मी? कधी?"

"आत्ताच."

"माझ्या नावावर किती नकार खपवणार आहेस?"

"तुझ्या नकाराला वजन आहे गं. माझा कोणी ऐकून घेत नाही."

मी हसायचे. तेव्हा ते आमच्या दोघांतलं होतं. त्याच्यामागे ते माझ्या एकटीच्या गळ्यात राहील, हे त्यालाही सुचलं नाही.

तो जाण्याच्या थोडेच दिवस आधी आम्ही ग्रॅहमच्या वर्कशॉपला गेलो. हा जुनी इंजिनं नव्याने बांधतो. त्याच्याकडे विवेकला हवं होतं तसंच एक तयार होतं. त्याने ते स्टँडवर चालू केलं. माझ्या कानठळ्या बसल्या.

विवेक डोळे मिटून उभा होता. पेशंटजवळ उभा राहायचा तसा, मान किंचित कलती.

"बघ, श्वास घेतंय," म्हणाला. "जरा दम लागतोय, पण मोकळं होईल."

मी म्हटलं, "घेऊन टाक."

हो. मीच म्हटलं. याच शब्दांत.

आणि तो म्हणाला, "आधी सुधीरशी बोलतो. नाहीतर त्याला वाटेल, विचारलंसुद्धा नाही."

ते बोलणं राहिलं. एका सकाळी जिन्यातच तो कोसळला.

मला राग येतोय. माइकवर हसवणाऱ्यांचा येतोय. काल गॅरेजमध्ये उभ्या उभ्या त्याच्या गाडीत आपापल्या आवडीचं इंजिन बसवणाऱ्यांचा येतोय. "विवेकची आठवण" म्हणून त्याला नको होतं तेच घालायला निघालात.

आणि विवेक, तुझाही येतोय. एवढ्या लोकांना भूल दिलीस, पण एका मित्राला नाही म्हणता आलं नाही तुला.

आज सकाळी मी ग्रॅहमला फोन केला. ते इंजिन अजून आहे का, विचारलं.

इंजिन त्याने विकलेलं नाही. कव्हर घालून ठेवलंय. म्हणाला, डॉक्टर नक्की घेणार होते, त्यांचा चेहराच सांगत होता. म्हणून थांबलो.

अनोळखी माणसाला चेहऱ्यावरून कळलं.

शनिवारी तो इंजिन घेऊन येतोय. ज्यांना यायचंय त्यांनी या. भावजी, तुम्हीही या, मनापासून सांगते. चहा मिळेल. सल्ला नको. आणि रेडिएटरला कोणी हात लावायचा नाही.

मला नाव आहे. नीलिमा. परवानगी देणारी बाई म्हणून मी या घरात आले नव्हते.

विवेक, घरी विचारून सांगतो म्हणाला होतास ना?

घरून होकार आहे. तेव्हाही होता.

आता सगळ्यांना सांग, आणि निवांत जा.